शिकारीचं मटण, सुकट आणि डब्यातला मासा : खान्देशच्या ताटाची एक जुनी गोष्ट



काही दिवसांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक आजोबा चौदा वर्षांच्या नातीला घेऊन ओपीडीत आले. मुलगी फिकट दिसत होती, दोन जिने चढली तरी धाप लागत होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८ निघाले. मी काही बोलण्याआधी आजोबाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रक्त राहील कसं? आमच्या लहानपणी घरात शिकारीचं मटण यायचं. ससा, तितर, कधी रानडुक्कर. म्हणून आम्ही अजून उभे आहोत. ही पोरं काय खातात? सुकट! त्यात काय ताकद असणार?"

सोबत मुलीचा काका होता. तो पुण्याला कंपनीत कामाला आहे. त्याने पिशवीतून माशाचा एक डबा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, हे तारलीचं टिन आणलंय तिच्यासाठी. चालेल का? की डब्यातलं सगळं शिळंच असतं?"

प्रश्न दोन वाटले तरी मुळात एकच आहे : ताकद कशात आहे, रानातल्या ताज्या मांसात की टिकवलेल्या माशात? असे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. उत्तर देण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल, म्हणून आज गोळ्या-औषधांऐवजी खान्देशच्या ताटाविषयी बोलू.

रान दाराशी होते

आज जळगावहून धुळ्याला जाताना कापूस, केळी आणि मका दिसतो. दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख वेगळा होता. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा लढाया, लूटमार आणि दुष्काळ यांनी कितीतरी गावे ओस पडली होती आणि शेतांवर झाडी माजली होती. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर. या रानांत वाघ, बिबटे, अस्वले होतीच. शिवाय चितळ, भेकर, काळवीट, नीलगाय, रानडुक्कर, साळींदर, ससे, तितर आणि मोरही होते.

१८२५ मध्ये जेम्स आउट्रॅम या तरुण अधिकाऱ्याने भिल्ल तरुणांची पलटण उभी केली. तिचे ठाणे जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला होते. भिल्लांचा विश्वास मिळवण्याचा त्याचा एक मार्ग म्हणजे त्यांच्यासोबत शिकारीला जाणे. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच्या सहभागाने सुमारे १९० वाघ मारले गेले, असे त्याच्या चरित्रात नोंदले आहे. आज एक वाघ दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते, त्यावरून तेव्हाच्या रानाची कल्पना करा.

म्हणजे आजोबांची आठवण खोटी नाही. रान खरोखरच दाराशी होते आणि रानाकाठच्या घरांत शिकारीचे मांस शिजत होते.

पण ते रोजचे जेवण नव्हते

मी आजोबांना विचारले, "आबा, महिन्यातून किती वेळा शिकार मिळायची?" ते थोडे थांबले. मग म्हणाले, "महिन्यातून कशाला? होळीच्या आसपास. पावसाळ्यानंतर कधी. आणि मिळाली की अख्ख्या पाड्यात वाटे पडायचे."

इथेच आपली आठवण आपल्याला फसवते. सणाचे जेवण लक्षात राहते, रोजची भाकरी राहत नाही. रोजच्या ताटात ज्वारी-बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी असे. सोबत उडीद, तूर, रानातल्या भाज्या, मोहाची फुले आणि तापी, गिरणा, पांझरा, अनेरच्या पात्रातले छोटे मासे. शिकार हा वरचा घास होता.

हा वरचा घासही पुढे कमी होत गेला. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली आणि रानाकाठच्या माणसाच्या शिकारीवर, लाकूडफाट्यावर बंधने आली. रान तोडून शेती वाढली तशी जनावरे सातपुड्यात मागे सरकली. १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ खान्देशाला फार जड गेला. माणसाला दाणा आणि गुराला चारा नव्हता, तिथे रान किती जणांना पोसणार? स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये यावल अभयारण्य झाले आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तेव्हापासून शिकारीचे मटण हा विषय पोषणाच्या वहीतून निघून पोलिसांच्या डायरीत गेला.

साहेबाचा डबा

आता काकाच्या टिनकडे वळू. डबाबंद अन्न हे सैन्याचे अपत्य आहे. फौजेला मोहिमेवर टिकणारे अन्न हवे, म्हणून फ्रान्सच्या सरकारने बक्षीस लावले होते. निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बरण्यांत अन्न भरले, बूच घट्ट लावले आणि बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन्महिने टिकले. १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. गंमत म्हणजे डबा उघडायचे खास हत्यार त्यानंतर चाळीसएक वर्षांनी आले. तोवर छिन्नी आणि हातोडा.

अन्न का टिकते, हे आपेरला ठाऊक नव्हते. ते पाश्चरने १८६० च्या दशकात उलगडले : अन्न नासवणारे जंतू उष्णतेने मरतात आणि बंद डब्यात नवे शिरू शकत नाहीत. म्हणून काकाच्या प्रश्नाचे उत्तर असे : डब्यातला मासा शिळा नसतो. डबा बंद करून साधारण ११५ ते १२१ अंशांना, दाबाखाली, तो आतल्या आत शिजवलेला असतो. घरातल्या प्रेशर कुकरचेच हे तत्त्व.

या तापमानाचा एक फायदा पुढच्या तुलनेत लागेल. तारलीसारख्या लहान माशांचे काटे त्यात इतके मऊ होतात की चावून खाता येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे डबे हिंदुस्थानातल्या साहेबांच्या छावण्यांत पोहोचले. हाकारा घालणाऱ्या माणसांच्या ताटात मात्र ते आले नाहीत. त्यांच्यासाठी मासा टिकवण्याची दुसरी, स्वस्त आणि कितीतरी जुनी रीत होती.

आपला डबा म्हणजे ऊन

अन्न टिकवायचे तर जंतू मारा किंवा त्यांचे पाणी तोडा. डब्यात पहिला उपाय होतो, वाळवणीत दुसरा. ताज्या बोंबलात वजनाच्या जवळपास नव्वद टक्के पाणी असते. पालघर, वसई, मुंबईच्या किनाऱ्यावर कोळी बाया तो बांबूंवर, दोऱ्यांवर टांगून उन्हात वाळवतात. पाणी गेले की जंतूंना वाढता येत नाही आणि हलका झालेला मासा शेकडो मैल जातो.

समुद्रापासून दूर असलेल्या खान्देशात समुद्राचा मासा आला तो असा. आधी घाट उतरून-चढून बैलांचे तांडे मीठ आणत. मग १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि पुढे भुसावळ मोठे जंक्शन झाले. १९०० पर्यंत सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरपर्यंतही रूळ आले. किनारा आणि खान्देश एका-दोन दिवसांच्या अंतरावर आले. आजही चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीकडच्या आठवडे बाजारात गोणपाटावर बोंबील, जवळा, झिंग्यांचे ढीग दिसतात. काळ्या मसाल्यातला बोंबलाचा रस्सा आणि भाकरी हे आपल्याकडे कितीतरी घरांचे बाजाराच्या दिवसाचे जेवण आहे.

ज्याला आजोबा "त्यात काय ताकद" म्हणाले, ते हेच.

आता तुलना करू

शिकारीच्या मांसाचे आकडे परदेशी आहार कोष्टकांतले आहेत, कारण तिथे हरणाचे मांस कायदेशीर विकले जाते. सगळे आकडे १०० ग्रॅमसाठी आणि ढोबळ आहेत.

हरणाचे मांस (भाजलेले)
- प्रथिने ३० ग्रॅम
- चरबी ३ ग्रॅम
- लोह ४ ते ४.५ मिलिग्रॅम
- कॅल्शियम १० मिलिग्रॅमपेक्षा कमी

बोकडाचे मटण (चरबी काढलेले, भाजलेले)
- प्रथिने २७ ग्रॅम
- चरबी ३ ग्रॅम
- लोह ३.५ ते ४ मिलिग्रॅम
- कॅल्शियम १५ ते २० मिलिग्रॅम

डबाबंद तारली (काट्यांसह, तेल निथळून)
- प्रथिने २४ ते २५ ग्रॅम
- चरबी ११ ग्रॅम, त्यात सुमारे १ ग्रॅम ओमेगा-३
- लोह ३ मिलिग्रॅमच्या आसपास
- कॅल्शियम ३८० मिलिग्रॅमच्या आसपास
- सोडियम ३०० ते ५०० मिलिग्रॅम

सुका बोंबील (कोरडा)
- प्रथिने सुमारे ६० ग्रॅम
- कॅल्शियम १,००० मिलिग्रॅमहून जास्त

शेवटच्या ओळींनी हुरळून जाऊ नका. सुका बोंबील कोणी १०० ग्रॅम खात नाही. एका माणसाच्या वाट्याला १५-२० ग्रॅम येतो. पण तेवढ्यातही १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि काटे चावून खाल्ले तर मोठ्या माणसाच्या दिवसाच्या कॅल्शियमपैकी (१,००० मिलिग्रॅम) चांगला हिस्सा भरतो.

या आकड्यांतून तीन गोष्टी कळतात.

पहिली, शिकारीचे मांस खरोखर चांगले होते. चरबी कमी, लोह भरपूर आणि ब-१२ सुद्धा. आजोबा इथे चुकलेले नाहीत.

दुसरी, त्यात जादू काही नव्हती. हरीण आणि चरबी काढलेला बोकड शेजारी ठेवा, फरक थोडाच आहे. जे रानात मिळत होते ते आज खाटकाच्या दुकानात मिळते. कोंबडीची किंवा बोकडाची काळजी तर लोहात हरणालाही मागे टाकते. (फक्त गरोदरपणात काळजी जपून, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते.)

तिसरी, काही गोष्टी रानात जवळजवळ नव्हत्याच. मांसात कॅल्शियम नसल्यासारखे, ते असते हाडात, आणि सशाचे हाड आपण टाकून देतो. लहान माशाचे हाड मात्र आपण खातो. हृदयाला उपयोगी ओमेगा-३ तारली-बांगड्यात आहे, हरणात नगण्य. आयोडीन हे समुद्राचे धन आहे. डोंगरउतारावरच्या जमिनीतून पाऊस ते धुऊन नेतो, त्यामुळे तिथल्या धान्यात आणि त्या चाऱ्यावरच्या जनावरात ते कमी असते. आयोडीन कमी पडले की गळ्यावर गलगंड येतो, गरोदर बाईला कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आज आपण आयोडीनयुक्त मीठ खातो, २००६ पासून खाण्याचे मीठ तसेच विकण्याचे बंधन आहे. त्याआधीच्या काळात समुद्राचा मासा हा आयोडीनचा एक खात्रीचा घास होता, सुकलेला असला तरी.

शिकारीचे मटण आता का नको

कोणी गुपचूप आणून देतो, "ताकदीचं आहे" म्हणून बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला खाऊ घालतात. कृपा करून असे करू नका.

- हा गुन्हा आहे. मारणे, विकणे आणि ते मांस जवळ बाळगणेही. घोरपडीसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. घोरपडीच्या तेलाने गुडघे बरे होत नाहीत, घर मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढते.
- ठासणीच्या बंदुकीतले शिशाचे छर्रे मांसात फुटतात. बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, धुऊन जात नाहीत. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही.
- रानडुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून ट्रायकिनेला हा कृमी माणसाच्या स्नायूंत शिरतो.
- जनावर आजारी होते का, किती वेळ उन्हात पडले होते, हे कोणी तपासलेले नसते.

डबा आणि सुकट खाताना

टिकवलेला मासाही डोळे मिटून खायचा नाही.

- मीठ. बोंबील, जवळा बहुधा नुसते उन्हात वाळवतात. खारवलेला मासा मात्र मिठाने भरलेला असतो. दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ पुरे. त्यात आपल्याकडे पापड, लोणचे, ठेचा असतोच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर खारा मासा टाळा. इतरांनी तो कोमट पाण्यात दोनदा भिजवून, पाणी फेकून शिजवावा.
- फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना फवारा मारणारा डबा चाखूनही पाहू नका. त्यात बोटुलिझमचे विष असू शकते, ते नसा लुळ्या करते आणि श्वास थांबवते.
- उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. मासा दुसऱ्या भांड्यात काढा आणि दोन दिवसांत संपवा.
- सुकटीला बुरशी, ओलसरपणा किंवा चिकटपणा असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर पुन्हा एक कडक ऊन दाखवा.
- डब्यातला ट्युना आणि तारली एक नव्हेत. ट्युनात काटे नसतात, म्हणून कॅल्शियम नसते, आणि मोठा मासा असल्याने पारा जास्त असतो. गरोदर बाईसाठी तारली बरी.
- युरिक ॲसिड वाढलेल्यांनी तारली आणि सुकट दोन्ही जपून.

मग त्या मुलीचे काय?

आजोबांना मी सांगितले ते तुम्हालाही सांगतो. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेले की तो गंभीर रक्तक्षय असतो. तो कुठल्याच मटणाने, माशाने किंवा बिटाने वेळेत भरून निघत नाही. आधी कारण शोधावे लागते. आपल्या सातपुडा पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल. तो आजार असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काम होत नाही, म्हणून तपासणीशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. या मुलीची सिकलसेल तपासणी निगेटिव्ह आली. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला रक्तस्राव फार होत होता, ते तिने घरी कोणाला सांगितले नव्हते. शिवाय भाकरीबरोबर चहा. चहा धान्यातले लोह अडवतो.

जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या, पाळीसाठी उपचार, आणि ताटात हे बदल सुचवले :

- भाकरी-डाळीसोबत थोडा मासा किंवा मटण. पाव वाटी जवळा असला तरी चालेल. मांसाहारातले लोह स्वतः चांगले शोषले जातेच, शिवाय ते शेजारच्या भाकरीतले लोहही आत ओढते.
- वरून लिंबू. क जीवनसत्त्वाने शोषण वाढते.
- चहा जेवणानंतर तास-दीड तासाने.
- काकाचा डबाही चालेल. आठवड्यातून एक-दोनदा, काट्यांसह.

तुमच्या घरी माळ असेल, मासा-मटण चालत नसेल, तरी काळजी नको. बाजरी, डाळी, हिरव्या भाज्या, तीळ, नाचणी, दूध-दही आणि लिंबू यांवर ताट उभे राहते. फक्त ब-१२ तपासून घ्या, दूध-दही कमी असेल तर ते गोळीनेच द्यावे लागते.

तीन महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन ११.४ झाले. आजोबा खूश होते, पण हार मानायला तयार नव्हते. म्हणाले, "गोळ्यांनी झालं असेल. सुकटीनं नाही." मी म्हटले, "बरोबर आहे आबा, आता वाढलं ते गोळ्यांनीच. पण गोळ्या बंद झाल्यावर ते टिकवायचं काम सुकटीचं आणि भाकरीचं."

खान्देशातल्या शेकडो घरांना बाजारच्या त्या गोणपाटाने पोसले आहे. तिथे पुढच्या वेळी गेलात तर नाकाला रुमाल लावून पुढे जाऊ नका. पावशेर जवळा घ्या, चांगला वाळलेला बघून.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. धाप लागणे, फिकटपणा, पाळीत जास्त रक्तस्राव असा त्रास असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या.)